नवा फिल्टर बसवला आणि इंजिन गेलं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. राहायला यवतमाळला, शाळा कळंबच्या पुढे राळेगाव रस्त्याला लागून आत. एका बाजूनं ४५ किलोमीटर, रोजचं अप-डाऊन ९० किलोमीटर, त्यातले शेवटचे पाच पांदणीचे. गाडी शंभर सीसीची, २०१६ सालची, कार्बोरेटरवाली. सहा वर्षं तिनं मला एकदाही वाटेत सोडलं नव्हतं. तिचं इंजिन पाच महिन्यांत गेलं ते माझ्या हातून, तेही तिची काळजी घेताना. नेमकं काय चुकलं ते सविस्तर सांगतो, कारण तीच चूक करायच्या बेतात असलेली माणसं मला दर दिवाळीनंतर भेटतात.

२०२२ च्या दिवाळीनंतर गाडीचं ॲव्हरेज साठवरून पन्नासच्या खाली आलं होतं. चढाला पिकअप नाही, प्लग काढला तर काजळीनं काळा. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी नुकतीच आटोपली होती. थ्रेशर चालू असताना पांदणीवर कुटाराचा धुरळा असा भरलेला असतो, की दिवसाउजेडी लाइट लावून जावं लागतं. त्यात तेव्हा वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं काम जोरात होतं. रेल्वे कळंबपर्यंत २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, पण त्याआधी मुरमाचे टिप्पर होते आणि त्यांच्यामागे आम्ही दुचाकीवाले. एअर फिल्टर चोंदला असणार हे माझ्या लक्षात आलं आणि तो अंदाज बरोबर होता.

नवा फिल्टर दोनशे रुपयांच्या आत मिळाला. रविवारी अंगणात गाडी लावली, साइड कव्हर काढलं, फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं. जुना फिल्टर ओढून काढला तेव्हा त्याच्या काठाचं रबर जागोजागी कडक झालं होतं आणि थोडं डब्यालाच चिकटून राहिलं. फडक्यानं वरवर पुसलं आणि नवा फिल्टर आत ढकलला. झाकणाच्या चार स्क्रूंपैकी खालच्या एकाचे आटे गेले होते, तो नुसताच फिरत होता. बाकीचे तीन घट्ट आहेत, एवढ्यानं काय होतं, असं म्हणून सोडून दिलं. सगळं काम वीस मिनिटांत झालं.

सोमवारी गाडी पळाली तशी ती वर्षभरात पळाली नव्हती. ॲव्हरेज वाढलं. शाळेतल्या दोघा सहकाऱ्यांना मी सांगितलं आणि पुढच्या रविवारी त्यांचेही फिल्टर मीच बदलून दिले.

फेब्रुवारी उजाडला तेव्हा ऑइल कमी होऊ लागलं. आधी वाटलं, गळत असेल. खाली पुठ्ठा टाकून पाहिला, थेंब नाही. मार्चमध्ये सकाळी किक मारली की सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. एप्रिलच्या सुरुवातीला चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर आली, तेव्हा मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीनं इंजिनला हात लावण्याआधी फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी काढली आणि आतून बोट फिरवलं. बोटावर तपकिरी चिखल आला, ऑइल आणि धूळ मिसळलेला. मी म्हटलं, फिल्टर तर नवाच आहे. तो म्हणाला, "फिल्टर नवाच हाये सर, पण हवा त्याच्यातून गेलीच नाही ना. बाजूनंच गेली."

डब्याच्या काठावर जुन्या रबराचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. नवा फिल्टर त्या तुकड्यावर टेकला होता, त्यामुळे शेजारी आगकाडी जाईल एवढी फट राहिली होती. आणि ती फट नेमकी आटे गेलेल्या स्क्रूच्या बाजूला होती, जिथं झाकणाचा दाबच नव्हता. सोमवारी गाडी हलकी पळाली त्यात नव्या फिल्टरचा वाटा होताच, पण फटीचाही असणार. सिलिंडर उघडला तर आत उभे ओरखडे आणि रिंगा झिजून धारदार झालेल्या. बोअर, नवा पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्हचं काम आणि मजुरी धरून बिल सात हजारांवर गेलं. पाच महिन्यांत साधारण नऊ हजार किलोमीटर मी ती गाडी उघड्या तोंडानं धुळीत पळवली होती.

एवढ्याशा फटीनं एवढं का व्हावं, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. शाळेतलं गणित मांडलं तेव्हा कळलं. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं जवळपास १५ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे हवा ११ किलो, मापानं नऊ हजार लिटर. पेट्रोलची टाकी दहा लिटरची असेल, तर ती रिकामी होईपर्यंत इंजिन ९० हजार लिटर हवा ओढून घेतं, आणि ही हवा आपल्या पांदणीची असते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधलं अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढं. त्यात मुरमाचा बारीक कण शिरला की तो ऑइलच्या थरात बसतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. मोठा खडा आत जातच नाही. डोळ्यांना न दिसणारी धूळच घात करते. पिठाच्या चाळणीची जाळी कितीही बारीक असू द्या, ती काठापाशी सुटली असेल तर कोंडा तिथूनच पडतो.

म्हणून घरी फिल्टर बदलू नका असं मी म्हणणार नाही. मी अजूनही घरीच बदलतो आणि शहरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येकानं हे काम शिकावं असं माझं मत आहे. फक्त त्यातलं कोणतं काम महत्त्वाचं, याबद्दलचा माझा समज पार बदलला आहे. फिल्टर बदलायला पाच मिनिटं पुरतात. उरलेला सगळा वेळ त्याच्या काठाला द्यायचा.

मी आता असं करतो. आधी साइड कव्हर आणि डब्याचा बाहेरचा भाग ओल्या फडक्यानं पुसून घेतो, कारण झाकण उघडताना वरची धूळ आत पडते. गाडी अंगणात नाही, ओसरीत घेतो, वारा नसताना. जुना फिल्टर काढला की आतल्या बाजूचं, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणारं तोंड लगेच स्वच्छ फडक्यानं बंद करतो. मग डबा पुसायचा, कोरड्या नव्हे तर ऑइलचं बोट लावलेल्या फडक्यानं, म्हणजे धूळ उडत नाही, चिकटून येते. डब्याच्या काठावरून नख फिरवायचं. जुन्या रबराचा, फोमचा कण लागला तर तो लाकडी काडीनं खरवडून काढायचा, पेचकसानं नाही. प्लॅस्टिकला चर पडला तर तीच नवी फट होते. नवा फिल्टर बसवल्यावर त्याच्या चारही बाजूंनी बोट फिरवून पाहायचं, कुठं काठ दुमडला आहे का, कुठं उंच लागतो का. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जायचे. आटे गेलेला स्क्रू तसाच ठेवायचा नाही. थोडा जाड स्क्रू मिळतो, नाहीतर मिस्त्रीकडून करून घ्यायचा. आणि तोंडात कोंबलेलं फडकं काढायला विसरायचं नाही. मी ते लाल रंगाचं घेतो आणि किल्ली त्यातच गुंडाळून ठेवतो.

डब्यापासून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळीही वाकवून पाहा. आमच्या उन्हाळ्यात, पारा ४५ ला टेकतो तेव्हा, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर लवकर तडकतं. नळीला तडा असेल तर फिल्टर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. गाडी धान्याच्या खोलीत किंवा गोठ्यात उभी असते त्यांनी फिल्टरकडे हवा नेणारं बाहेरचं तोंडही पाहावं. उंदीर तिथं कुटार आणि चिंध्या भरून ठेवतात, प्रसंगी फिल्टरचा कागद कुरतडतात.

सगळ्यात जास्त गोंधळ फिल्टर साफ करण्यावरून होतो. पंक्चरच्या दुकानात सर्रास हवा मारून देतात. कोणता फिल्टर आहे हे पाहिल्याशिवाय मारू देऊ नका. जुन्या काही गाड्यांत स्पंजाचा फिल्टर असतो. तो रॉकेलात किंवा साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबून काढायचा, सावलीत वाळवायचा आणि मग ऑइल लावून जास्तीचं दाबून टाकायचं. पेट्रोलनं धुऊ नका, ओसरीत चूल असते हे विसरू नका. दुसरा कोरड्या कागदाच्या घड्यांचा. तो हलक्या हातानं झटकता येतो, हवा मारायचीच तर आतून बाहेर आणि लांबून. तिसरा तेलकट कागदाचा, आज बऱ्याच कम्यूटर गाड्यांत तोच असतो. हाताला चिकट लागतो. त्याला ना हवा मारायची, ना धुवायचा. धूळ धरून ठेवणारं तेलच निघून गेलं तर तो नुसता कागद उरतो. तो बदलायचाच.

फिल्टर काढून टाकला की पिकअप वाढतं, असं कॉलेजातली मुलं एकमेकांना सांगतात. माझी गाडी पाच महिने जवळपास तशीच चालली, त्याचा शेवट वर सांगितला आहे. आमच्या जिल्ह्यात फिल्टरशिवाय एक दिवसही गाडी चालवू नये, मिस्त्रीकडून घरापर्यंतसुद्धा नाही.

बदलायचा कधी? मॅन्युअलमध्ये किलोमीटर दिलेले असतात, आणि धुळीच्या भागात त्याआधी बदला असंही तिथंच लिहिलेलं असतं. ते वाक्य आपल्यासाठी आहे. मी किलोमीटर धरत नाही, हंगाम धरतो. सोयाबीनची मळणी संपली की एकदा, आणि तूर-हरभरा निघाल्यावर उन्हाळवाहीचा फुफाटा उडायला लागण्याआधी एकदा उघडून पाहतो. कोळशाच्या टिप्परांमागून रोज जाणाऱ्या वणीकडच्या मंडळींनी याहून लवकर पाहावं. तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून साइड कव्हरच्या आत चिकटवतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांनाही हे सगळं लागू आहे. तिथं फिल्टर चोंदला तरी काळा धूर दिसेलच असं नाही, म्हणून धुराची वाट पाहू नये.

बसवून झाल्यावर आणखी एक तपासणी असते, ती मला त्या मिस्त्रीनं शिकवली. पाचशे किलोमीटर गाडी चालवा. मग फिल्टर काढून त्याच्या आतल्या, इंजिनकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर कुठंतरी फट आहे, ती सापडेपर्यंत गाडी चालवू नका.

बिल भरून आलो त्याच संध्याकाळी मी दोन्ही सहकाऱ्यांच्या घरी गेलो आणि गाड्या उघडल्या. एकीचं काम नीट होतं. दुसरीत फिल्टरचा काठ एका कोपऱ्यात दुमडलेला होता, मीच बसवताना दुमडलेला. ती गाडी गावातल्या गावात फिरणारी, म्हणून थोडक्यात वाचली. नळी साफ केली, फिल्टर नव्यानं बसवला आणि काय झालं होतं ते त्या सहकाऱ्याला स्पष्ट सांगितलं.

तुम्हीही कुणाच्या गाडीचा फिल्टर बदलून दिला असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे जा. झाकण उघडा आणि काठावरून एकदा बोट फिरवून या.