त्याला विचारायचं राहून गेलं

दिव्यांग मुलांना मी लावून दिलेल्या नोकऱ्यांपेक्षा फसलेली एक नोकरी मला जास्त शिकवून गेली.

पोरगा 22 वर्षांचा, पूर्ण कर्णबधिर, आयटीआय फिटर. नागापूर एमआयडीसीतल्या एका मॅनेजरसमोर मी हात जोडले. "साहेब, गरिबाचं लेकरू आहे, पुण्य लागेल." तिथंच चुकलो. पुण्यासाठी ठेवलेल्या माणसाला काम कोण शिकवतं? त्याला प्रेसशॉपला टाकलं, का तर "याला आवाजाचा त्रास नाही ना." मलाही ते पटलं! मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्नही त्याला ऐकू येणार नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

नवव्या दिवशी पोरगा घरी. वडील म्हणाले, "सर, नाही जमलं त्याला." मीही चारचौघांत तेच सांगत राहिलो. दोन महिन्यांनी खुणांची भाषा जाणणाऱ्या शिक्षिकेला घेऊन त्याच्या घरी गेलो, तेव्हा कळलं. हूटर वाजला की सगळे चहाला जायचे. हा मान वर करायचा तर शॉप रिकामा. सुट्टी झाली, की आपल्यालाच बोलावलं नाही? मशीनपाशीच उभा राहायचा. आठ दिवस त्यानं तिथला चहा घेतला नव्हता. सुपरवायझर कागदावर लिहून द्यायचा. पण पोराची भाषा खुणांची, लेखी मराठी निम्मीच कळायची. शेवटच्या दिवशी फोर्कलिफ्ट हातभर अंतरावरून गेली.

नोकरी ठरवताना मी वडिलांशी बोललो होतो, मॅनेजरशी बोललो होतो. त्याच्याशी नाही.

तेव्हापासून मी आधी शॉपवर तासभर उभा राहतो. शिकवणार कोण, त्याला गाठून बोलतो. अंध मुलासोबत बसस्टॉपपासून गेटपर्यंत दोन-तीनदा चालतो. व्हीलचेअरवाल्यासाठी सगळे रॅम्प विचारतात. मी संडासाचं दार किती रुंद ते टेपनं मोजतो. पहिल्या पंधरवड्यात तीन चकरा ठरलेल्या.

आणि दया मागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखल्या. खासगी कंपनीला तसा कोटा नाही, पण समान संधीचं धोरण तिलाही करावं लागतं. कोणत्या सोयी देणार ते त्यात लिहावं लागतं, 20 किंवा अधिक कामगार असतील तर कोणती कामं देता येतील, हेही. ते धोरण दाखवा म्हटलं की बोलण्याचा सूर बदलतो. ईएसआयची पगारमर्यादाही दिव्यांग कामगाराला 21,000 ऐवजी 25,000 रुपये आहे. हे बऱ्याच अकाउंटंटना मीच सांगितलंय.

घरच्यांची भीती मात्र वेगळीच. "पगार सुरू झाला म्हणून निराधारचं अनुदान बंद पडलं, अन् उद्या कामही सुटलं तर?" आईचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची अट आहेच. तहसीलमध्ये नीट विचारून, आकडे मांडून, मगच होकार घ्यावा.

तो पोरगा आता केडगावला एका गॅरेजात आहे. काम त्यानं स्वतःच शोधलं. मी अधूनमधून व्हिडिओ कॉल करतो. अजून तरी उचललेला नाही.