मूठ लहान, नळी जरा लांब

अगं, काल फोनवर तू एका दमात विचारलंस, "ताई, चारशे डॉलरच्या आत चांगलं पिस्तूल कोणतं?" नाव मी लगेच सांगू शकले असते. पण नाव ऐकून तू शनिवारी दुकानात गेली असतीस आणि आधी कळायला हव्या होत्या त्या गोष्टी नंतर कळल्या असत्या. म्हणून सविस्तर लिहितेय. घाई न करता वाच.

पहिली गोष्ट कागदांची. तुझं ग्रीन कार्ड आलंय, वय एकवीसच्या पुढे आहे, टेक्ससमध्ये कायमचा पत्ता आहे, म्हणून तुला परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेता येतं. तू एच-वन-बी वर होतीस तेव्हा घेता आलं नसतं. त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. दुकानात 4473 नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात तुझा इमिग्रेशन नंबर लिहावा लागतो आणि गांजा ओढतेस का, हेही विचारतात. एखाद्या राज्याने गांजाला परवानगी दिली असली, तरी या फॉर्मपुरता केंद्राचा कायदाच चालतो. प्रत्येक ओळ खरी भर. आणि उद्या कुणी ओळखीचा, अजून व्हिसावर असलेला, म्हणाला की "तुझ्या नावावर माझ्यासाठी एक घे ना", तर तिथल्या तिथे नाही म्हण. दुसऱ्यासाठी असं घेणं तुरुंगात नेणारं आहे, आणि ग्रीन कार्डवाल्यांना बंदुकीच्या गुन्ह्यापायी देशाबाहेरही काढतात. इतकी वर्षं रांगेत काढून मिळवलेलं कार्ड आहे ते. कुणाच्या भिडेखातर पणाला लावू नकोस. तुझी रूममेट अजून व्हिसावर आहे, तेव्हा पिस्तुलाच्या कुलूपपेटीची किल्ली किंवा आकडे फक्त तुझ्याकडे राहू देत.

आता पिस्तुलाकडे येऊ. दुकानात बाईमाणूस दिसलं की काउंटरवाला हमखास सर्वांत चिमुकलं, कधी कधी गुलाबी मुठीचं पिस्तूल पुढे ठेवतो. "हलकं आहे, पर्समध्ये मावतं," म्हणतो. मावतं हे खरंच, पण चालवायला तेच सर्वांत अवघड असतं. पिस्तूल जितकं हलकं आणि आखूड, तितका त्याचा धक्का हाताला जास्त. वरचा सरकणारा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो आखूड असला की त्याच्या आतली स्प्रिंग कडक ठेवावी लागते, त्यामुळे तो मागे ओढताना मनगट भरून येतं. पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतरही कमी असतं, म्हणून डोळ्याला न दिसणारी चूक निशाण्यावर मोठी होऊन उतरते. नवखी मुलगी दोन मॅगझिन झाडते, हात दुखतो, गोळ्या भलतीकडे जातात, आणि ती पुन्हा रेंजवर जात नाही. पिस्तूल मात्र कपाटात पडून राहतं. ज्याचा सराव नाही असं भरलेलं हत्यार घरात असणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

उलट पूर्ण आकाराचं पिस्तूल चालवायला सोपं, पण त्याची मूठ तुझ्या हाताला मोठी पडेल आणि कपड्यांखाली लपणार नाही. म्हणून मी तुला मधला मार्ग सुचवते: मूठ कॉम्पॅक्ट, स्लाइड आणि नळी मात्र लांब. लपवायच्या वेळी खरी अडचण नळीची नसतेच, ती कमरेच्या आत खाली उतरते. कुर्त्यातून किंवा टीशर्टमधून टोक काढते ती मूठ. मूठ आखूड ठेवली आणि नळी इंचभर वाढवली, तर बाहेरून काही दिसत नाही. उलट पट्ट्याखाली गेलेलं वजन पिस्तूल अंगालगत धरून ठेवतं, वरचा भाग बाहेर कलत नाही. शिवाय पुढचं वजन वाढल्याने गोळी सुटताना तोंड कमी उचकतं, नेम धरायला लांब अंतर मिळतं आणि गोळीला थोडा वेगही जास्त मिळतो.

उदाहरण देते, म्हणजे फरक लक्षात येईल. ग्लॉक 43 एक्स आणि ग्लॉक 48 यांची मूठ अगदी एकच, दोन्हींत दहा गोळ्या. पहिल्याची नळी 3.41 इंच, दुसऱ्याची 4.17. दोन्ही हातात धर, दोन्ही चालव, आणि मग सांग कुठलं नीट चाललं. सिग सॉअरचं पी 365 घे: साध्याची नळी 3.1 इंच, एक्सएलची 3.7 आणि मॅगझिन बारा गोळ्यांचं. स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस 3.1 इंचाच्या नळीतही येतं आणि 4 इंचाच्याही. टॉरसचं जी 3 एक्सएल म्हणजे लहान मुठीवर बसवलेली 4 इंची नळी, मॅगझिन बारा गोळ्यांचं. किमती दुकानागणिक बदलतात, पण साधारण उतरंड अशी: टॉरस तीनशेच्या आसपास, शील्ड प्लस चारशेच्या अलीकडे-पलीकडे, ग्लॉक त्याच्यावर, आणि सिग पाचशेच्या पुढे. टेक्ससच्या शहरांत त्यावर सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स लागतो, आणि ऑनलाइन मागवलंस तर ते हाती देणाऱ्या दुकानाची फी वेगळी.

तुझ्या पैशांत मी शील्ड प्लसचं 4 इंची मॉडेल पहिलं बघेन. मूठ चपटी आहे, तुझं बोट ट्रिगरपर्यंत आरामात पोहोचेल. तेही खिशाला जड जात असेल तर टॉरस घ्यायला लाजू नकोस. वाचलेले शंभर डॉलर गोळ्यांवर आणि शिकण्यावर घाल, ते जास्त कामाला येतील. फक्त घेतल्याबरोबर कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून त्या पिस्तुलासाठी काही सुरक्षा-सूचना निघाली आहे का, ते तपास. कुठल्याही कंपनीचं घेतलंस तरी हे कर. स्लाइड ओढणंच जमत नसेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघ, ते हलक्या ओढीसाठीच बनवलंय. पण आधी ओढायची पद्धत शीक: दोन बोटांच्या चिमटीने नाही, पूर्ण पंजाने वरून घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. कित्येक जणींची अडचण एवढ्यानेच सुटते.

जुनं घ्यायचं म्हटलंस तर पोलिस खात्यांनी बदलून टाकलेली पिस्तुलं दुकानात येतात. बाहेरून होल्स्टरने घासलेली, पण आतून बहुतेकदा फारशी झिजलेली नसतात. त्यांत .40 कॅलिबरची फार स्वस्त मिळतात, कारण एफबीआय 9 एमएमकडे परतली आणि बरीच खातीही तिच्या मागोमाग गेली. त्या स्वस्ताईला भुलू नकोस. .40 चा धक्का जास्त आणि गोळ्याही महाग. तू 9 एमएमच घे.

आता हिशेब. तुझे चारशे पिस्तुलाचे आहेत. सगळ्याचे मिळून सहा-सातशे तरी धर, आणि नसतील तर दोन महिने थांब. एक चांगला वर्ग, कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, पटकन उघडणारी पण पक्की कुलूपपेटी, आणि गोळ्या. पन्नास गोळ्यांचा डबा सरावासाठी पंधराएक डॉलरला पडतो. जवळ बाळगायचं मनात आणण्याआधी दोनशे तरी गोळ्या त्या पिस्तुलातून जाऊ देत, आणि बाळगायला निवडशील त्या प्रकारच्या गोळ्याही त्यातून अडखळत नाहीत ना, हे रेंजवर बघ. घरचा कोरडा सराव फुकट असतो: पिस्तूल रिकामं करायचं, चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, आणि भक्कम भिंतीच्या दिशेने फक्त ट्रिगर हळू दाबायला शिकायचं. खराब निशाण्याचं मूळ बहुधा ट्रिगर झटका देऊन ओढण्यात असतं.

2021 च्या सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये परवाना नसतानाही पिस्तूल बाळगता येतं. तरी तू परवाना काढ. त्यासाठी कायदा शिकावा लागतो, निशाणा दाखवावा लागतो, आणि काही दुसऱ्या राज्यांत तो चालतो. शाळेत नेता येत नाही, मुख्यतः दारूविक्रीवर चालणाऱ्या जागी नेता येत नाही, आणि दुकानदाराने दारावर मनाईची पाटी लावली असेल तर ती पाळायची. मंडळाच्या गणपतीला, दिवाळीच्या कार्यक्रमाला तर नेऊच नकोस. तिथे सगळ्यांची पोरं तुझ्या मांडीवर चढतात.

पर्समध्येही कधी ठेवू नकोस. 2014 च्या डिसेंबरमध्ये आयडाहोतल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधल्या पिस्तुलाला हात घातला, गोळी सुटली आणि ती आई तिथेच गेली. शिकली-सवरलेली, बंदुकांची सवय असलेली बाई होती. पर्स आपण खाली ठेवतो, विसरतो, दुसऱ्याकडे देतो. पिस्तूल एकतर अंगावर नाहीतर कुलपात. गाडीतही ठेवून जाऊ नकोस. गाड्या फोडून चोरलेली पिस्तुलं पुढे कुणाच्या हाती जातात, याचा विचार कर. दुकानातून मिळणारं पिस्तूल कुलपासह द्यावं, असा केंद्राचा कायदाच आहे, पण ते तारेचं साधं कुलूप पुरेसं मानू नकोस. आणि आपल्या टेक्ससमध्ये सतराखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागलं तर ते नीट न ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो.

एक गोष्ट कुणी तुला दुकानात सांगणार नाही, म्हणून मी सांगते. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तू घरच्यांपासून दूर राहतेस, नोकरीची धाकधूक आहे, आईची काळजी इथून करतेस. मन खचण्याचे दिवस कुणालाही येतात, ते यायला माणूस दुबळं असावं लागत नाही. तसे दिवस आले तर पेटी माझ्याकडे आणून ठेव. मी कारण विचारणार नाही, बरं वाटेपर्यंत सांभाळीन. रात्री अडीचला वाटलं तरी मला फोन कर, आणि मी उचलला नाही तर 988 ला कर, तिथे माणूस बोलायला असतं. हे मान्य नसेल तर घेऊच नकोस, असं मी मोठी बहीण म्हणून सांगते.

चार नियम पाठ कर, ते कधीच बाजूला ठेवायचे नाहीत. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्यावर तोंड रोखायचं नाही. नेम धरून होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि निशाण्यामागे काय आहे ते माहीत असायला हवं. तुझ्या टॅरंट काउंटीतल्या अपार्टमेंटच्या पातळ भिंतीतून गोळी शेजाऱ्याच्या खोलीत पोहोचते, हे विसरू नकोस. दारावर कुणी धक्के देत असेल तर आधी खोलीचं दार लाव, 911 ला फोन लाव, आणि खोलीतून हलू नकोस. पिस्तूल तुझा शेवटचा उपाय, पहिला नाही.

तेव्हा या शनिवारी दुकानात पैसे घेऊन जाऊ नकोस. ज्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात तिथे जा, प्रशिक्षकासोबत एक तास घे. आखूड आणि लांब अशी एकाच मुठीची दोन पिस्तुलं माग, दोन्हींतून पन्नास-पन्नास गोळ्या मार, आणि निशाण्याचे दोन्ही कागद घरी घेऊन ये. रविवारी मी तुझ्याकडे येते. कागद बघून आपण दोघी मिळून ठरवू, आणि कुलूपपेटी मात्र पिस्तुलाच्या आधी घरात आलेली असेल.