आधी 112, मग भाऊ

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. साताऱ्यात पाऊस लागून राहिला होता, लाइट गेले होते आणि घरात मी एकटी. रात्री पावणेदोनच्या सुमारास मागच्या दाराची कडी कुणीतरी हलवली. थोडं थांबून पुन्हा हलवली. मी फोन उचलला आणि सांगलीला भावाला लावला. तो झोपेतून दचकून उठला, गाडी काढतो म्हणाला. शंभरावर किलोमीटर अंतर, त्यात तो पाऊस. पोलीस चौकी माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर होती. तिकडे फोन गेला तो वीस मिनिटांनी, भावानं चारदा बजावल्यावर.

ती वीस मिनिटं मी का घालवली? मला खात्री नव्हती म्हणून. मांजर असलं तर? पोलीस आले, गल्ली जागी झाली आणि काहीच निघालं नाही तर? एकट्या राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी, खोली घेऊन राहणाऱ्या नोकरदार मुली, मुलं परदेशी असलेले आजी-आजोबा, सगळे याच ठिकाणी अडतात. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: खात्री करून घेणं आपलं काम नाही. त्यासाठीच गस्तीची गाडी असते. मुद्दाम खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. मनापासून भीती वाटून केलेला फोन, दाराशी मांजर निघालं तरी, गुन्हा होत नाही.

निम्मी तयारी मात्र दिवसाउजेडी करायची असते. एखाद्या दुपारी चोराच्या नजरेनं घराभोवती चक्कर मारा. आपण पुढच्या दाराला सेफ्टी डोअर, लॅच, साखळी सगळं लावतो आणि मागच्या दाराला तीस वर्षांपूर्वीची बोटभर कडी, तीही दोन स्क्रूंवर लटकलेली. मोरीची खिडकी, गच्चीचं दार, बाल्कनीला टेकलेली झाडाची फांदी, बाहेर पडून असलेली शिडी, हे सगळं बघा. कडीपेक्षा चौकट कमजोर असेल तर नवी कडी लावून उपयोग नाही, हे सुतार न विचारता सांगेलच. एखादी खोली, शक्यतो झोपायची, आतून भक्कम बंद होईल अशी करून घ्या. बाहेर माणूस हलला की लागणारा सेन्सरचा दिवा पोर्चमध्ये आणि मागच्या बाजूला बसवा. कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीत किल्ली ठेवत असाल तर आजच उचला. ती जागा सगळ्या जगाला माहीत असते.

घराचे आवाजही ओळखून ठेवावेत. दिवसभर तापलेला पत्रा रात्री गार होताना कडकडतो, टाकी भरताना पाइप हुंकारतो, झावळी भिंतीला घासते. हे आवाज ओळखीचे झाले की अनोळखी आवाज लगेच वेगळा कळतो आणि उरलेल्या रात्री निवांत झोप लागते.

शेजार जपा. समोरच्या काकूंशी माझं ठरलेलं आहे: सकाळी सातपर्यंत माझ्या दारातली दुधाची पिशवी उचललेली दिसली नाही, तर त्या बेल वाजवणार. खेड्यात असाल तर पोलीस पाटलांचा नंबर फोनमध्ये हवाच. शहरात आपल्या भागाचे बीट अंमलदार कोण, हे चौकीत जाऊन विचारा. एकटे राहणारे ज्येष्ठ असाल तर तशी नोंद करायला सांगा.

आता फोनबद्दल. महाराष्ट्रात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी 112 हा एकच नंबर चालतो. फोन लॉक असला तरी पडद्यावरच्या आपत्कालीन कॉलच्या बटणावरून तो लावता येतो. बऱ्याच स्मार्टफोनांत बाजूचं बटण भराभर दाबलं तरी असा कॉल जातो. आपल्या फोनमध्ये ते किती वेळा दाबायचं, हे सेटिंगमध्ये पाहून ठेवा. मराठीत बोललात तरी चालतं.

सगळ्यात आधी पत्ता सांगा, भीती नंतर. मध्येच कॉल तुटला तरी गाडी कुठे पाठवायची ते समजलेलं असतं. घाबरल्यावर स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी अनुभवलंय. म्हणून लाइटबिलावरचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळ चिकटवा. खूण अशी हवी, जी रात्री दिसेल. ‘जोश्यांच्या दुकानासमोर’ म्हणालात आणि दुकानाचं शटर बंद असलं, तर शिपायाला काय कळणार? देऊळ, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप सांगा. मग दोन वाक्यांत: मी घरात एकटी आहे, मागचं दार कुणीतरी उघडायचा प्रयत्न करतंय. बोलता येत नसेल तर कुजबुजा. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

हे अनेकांना माहीत नसतं: गाडीतले पोलीस रस्ता विचारायला स्वतः तुम्हाला फोन करतात. तो अनोळखी नंबर असतो. रात्री अनोळखी नंबर न उचलण्याची सवय त्या वेळी बाजूला ठेवा आणि फोन आवाज बंद करून, थरथरणाऱ्या मोडवर हातात धरा. भावाला, लेकाला, मैत्रिणीला कळवायचं ते यानंतर.

गाडी येईपर्यंत दार उघडून बघायला जाऊ नका. काठी घेऊनही नको. आतून बंद होणाऱ्या खोलीत जा, लाइट असतील तर बाहेरचे दिवे लावा, आणि शेजारी जागे होतील अशी हाक मारावीशी वाटली तर बेलाशक मारा. माणूस घरात शिरलाच असेल आणि दुसऱ्या दारानं सुखरूप बाहेर पडता येत असेल, तर दागिने, पैसे सोडून बाहेर पडा.

पोलीस आल्यावर जाळीच्या दारातूनच बोला. गणवेश आणि गाडी दिसते का बघा. साध्या कपड्यांतला माणूस असेल तर ओळखपत्र मागा, आणि शंका उरली तर पुन्हा 112 लावून विचारा, तुम्ही कुणाला पाठवलंय? यात त्यांचा अपमान नाही. माझ्याकडे आलेल्या हवालदारांनी स्वतःहून बक्कल नंबर सांगितला आणि मी नीट पाहीपर्यंत पावसात उभे राहिले.

कुणी आत शिरून गेलं असेल तर पोलीस येईपर्यंत झाडू मारू नका, कपाट लावू नका, कडीला हात लावू नका. ठसे तिथंच असतात. तक्रार नोंदवल्यावर एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणं कायदा अधिक गंभीर धरतो, त्यामुळे रात्री किती वाजता काय घडलं ते आठवेल तसं त्याच वेळी कागदावर टिपा.

धोका बाहेरून येत नसून घरातल्याच माणसाचा असेल, तरीही 112 चालतो. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइनही आहे. घरचं भांडण म्हणून तो फोन टाळू नका.

माझ्या अंगणात त्या रात्री चिखलात चपलांचे ठसे सापडले, माणूस नाही. पोलीस गेल्यावर उरलेली रात्र मी समोरच्या काकूंकडे काढली आणि सकाळी आधी सुतार बोलावला. मागच्या दाराला आता चार बोल्टांची जाड लोखंडी कडी आहे. ती लावताना मोठा आवाज होतो. काकू म्हणतात, तो ऐकला की त्या आपला दिवा मालवतात.