गावातील घर आणि नमुना आठ

महाराष्ट्रातील गावठाणात घर घेऊ इच्छिणारे ग्राहक कर्जासाठी बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घेऊन येतात. तो घरपट्टीच्या आकारणीची नोंद होय. केवळ त्यावरील नावाने मालकी सिद्ध होत नाही. मृत्युपत्र न करता वडील निवर्तले आणि घर थोरल्याच्या नावे लागले, तरी इतर भावंडांचा हिस्सा कायम राहतो. (बहिणींचा विसर तर हमखास पडतो!) यास्तव विक्रेत्याचे नोंदणीकृत दस्त पाहावेत व सर्व वारसांना खरेदीखतात सामील करून घ्यावे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिली जाते. ती तयार असल्यास अवश्य मागावी. गावठाणाबाहेरील घराखालची जमीन सातबारावर शेतीचीच आहे काय, हे मात्र इसार देण्यापूर्वी तपासावे. शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते.