कागदावर अण्णा पडणार नव्हते

लकवा मारल्यावर अण्णांना जळकोटहून लातूरच्या दवाखान्यात नेलं. जिवावरचं टळलं, मग चालायला शिकवायचं म्हणून त्याच दवाखान्याच्या पुनर्वसन वॉर्डात हलवलं. तिथं एका रात्री संडासला उठले, पडले, खुबा मोडला. वर आम्हालाच ऐकवलं, "नातेवाईकांनी लक्ष द्यायचं असतं."

मी फाईल मागितली. आज देतो, उद्या देतो करत शेवटी मिळाली. आत मॉर्स स्केलचा कागद. रुग्ण पडण्याचा धोका मोजायची जॅनिस मॉर्स यांची १९८९ची ही मोजणी, जगभर चालते. सहा प्रश्न, प्रत्येकाला ठरलेले गुण. बहुतेक ठिकाणी ४५ झाले की धोका जास्त. अण्णांचे ४०. साखरेसारखा दुसरा आजार १५, काठी १५, अशक्त चाल १०. 'अलीकडे पडले का?' समोर शून्य! अहो, भरती करतानाच मी सिस्टरांना सांगितलं होतं, गेल्याच महिन्यात अंगणात पडलेत म्हणून. त्याचे २५. म्हणजे ६५. आणि तेच ४० रोज खाली उतरवलेले, एकाच अक्षरात.

सहाव्या प्रश्नात, संडासला एकटे जाता का, हे रुग्णाला विचारून उत्तर डॉक्टरांच्या सूचनेशी ताडायचं असतं. अण्णा म्हणाले असते, "मला कोण लागतंय?" आणखी १५. विचारलंच नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसला की काहींना डावीकडचं जाणवतच नाही. अण्णांच्या ताटात डावीकडची भाजी तशीच राहायची. फिजिओच्या पोरानं ते ओळखलं होतं, पण त्याची वही वेगळी, सिस्टरांची वेगळी. बोलवायची घंटी कुठं बांधलेली? डाव्या कठड्याला.

तेव्हा आधी पडल्याचं तुमच्यासमोर कागदावर लिहायला लावा. औषध बदललं, काठी बदलली की गुण पुन्हा काढायला सांगा. घंटी चालत्या हाताकडं घ्या. कठडे वर केले म्हणजे झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. उठायचंच ठरवलेला माणूस कठडा ओलांडतो अन् जास्त उंचावरून पडतो. उभं करण्याआधी पाय खाली सोडून थोडं बसवा. झोपण्यापूर्वी संडासला नेऊन आणा. व्हीलचेअरचा ब्रेक स्वतः बघा. चपला घसरत्या नकोत, हे तर सगळेच सांगतात.

आणि फाईलची नक्कल तोंडी मागत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डॉक्टरांच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते.