ओवा, पुदिना आणि आतड्याचे दुखणे

चिमूटभर ओवा तळहातावर घ्या. अंगठ्याने चोळा. आता हात नाकाशी न्या. वास कसा एकदम डोक्यात जातो! चोळण्याआधी तो एवढा येत नव्हता. मग तो होता कुठे?

ओव्याच्या दाण्यात तेलाच्या अगदी बारीक नळ्या असतात. दाणा चुरडला की तेल बाहेर येते आणि हवेत उडू लागते. गोडेतेलाचा थेंब कागदावर पडला तर डाग तसाच राहतो. या तेलाचा डाग थोड्या वेळाने उडून जातो. म्हणून त्याला उडते तेल किंवा सुगंधी तेल म्हणतात. पुदिना, तुळस, गवती चहा, निलगिरी, लवंग या सगळ्यांत असे तेल असते.

हे तेल भट्टीवर काढतात. बंद भांड्यात ओवा भरून त्यातून वाफ सोडतात. वाफ तेलाला घेऊन वर जाते. ती नळीतून गार केली की पाणी होते आणि पाण्यावर तेलाचा तवंग येतो. १०० किलो ओव्यातून साधारण २ ते ४ किलो तेल मिळते. आता हिशेब करा. एक चहाचा चमचा तेल म्हणजे निदान १०० ग्रॅम ओव्याचा अर्क झाला. पोटात गुबारा धरला तर आजी चिमूटभर ओवा आणि सैंधव देते. शंभर ग्रॅम ओवा कोणती आजी देईल? दाणा खाणे वेगळे आणि तेल पिणे वेगळे. ही गोष्ट मनात पक्की ठेवून पुढे वाचा.

ओव्याच्या तेलातील मुख्य अर्काला थायमॉल म्हणतात. गार झाले की त्याचे पांढरे खडे होतात. त्यालाच ओव्याचे फूल म्हणतात. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा जहाजाने जर्मनीला जाई आणि तिथल्या कारखान्यांत त्याचे थायमॉल होई. १९०९ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम निघाली. हा जंत अनवाणी पायांतून अंगात शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. त्या मोहिमेत लोकांना थायमॉल देत. त्याने जंत पडत, पण औषध फार जपून द्यावे लागे. त्या दिवशी दारू बंद, तेलतूपही बंद. कारण त्यांच्याबरोबर थायमॉल अंगात जास्त भिनते आणि विषबाधा होते. पुढे अधिक सोयीची औषधे निघाली आणि थायमॉल मागे पडले. तेव्हा या अर्कात जोर नाही असे कोणी म्हणू नये. जंताला मारण्याइतका जोर आहे, आणि माप चुकले तर तो माणसालाही सोडत नाही.

आता पुदिन्याकडे वळू. आपल्या चटणीच्या पुदिन्याचा एक विलायती भाऊबंद आहे. त्याच्या तेलात मेन्थॉल असते. डोकेदुखीच्या मलमाने कपाळ गार पडते, ते या मेन्थॉलमुळेच. हे तेल पोटदुखीवर का चालते, ते पाहण्यासारखे आहे. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे पट्टे असतात. ते आवळतात आणि सैल होतात, म्हणून अन्न पुढे सरकते. पट्टे फार जोराने आवळले की मुरडा येतो. स्नायू आवळायचा तर त्यात कॅल्शियम शिरावे लागते. मेन्थॉल ती वाट अडवते. पट्टा सैल पडतो आणि कळ थांबते.

पण तेल नुसते प्याले तर ते आधी जठरात सुटते. तिथे घशाकडचे दार सैल पडते आणि छातीत जळजळ होते. म्हणून कारखान्यात तेलाच्या गोळीला एक वेष्टण देतात. ते जठराच्या आम्लात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात उघडते. अशा गोळ्यांची तपासणी ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर पुष्कळ तपासण्या झाल्या. बहुतेकांत रोग्यांना बरे वाटले, पण सगळ्यांत नाही. नेदरलँड्समधील एक मोठी तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत ८ आठवडे गोळ्या दिल्या. पोटदुखी थोडी कमी झाली. पण आधी ठरवलेल्या मुख्य कसोटीवर पुदिन्याची गोळी आणि खोटी गोळी यांत फरक सिद्ध झाला नाही. खोटी गोळी म्हणजे दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती दिली हे रोग्याला कळू देत नाहीत. काही वेळा नुसत्या विश्वासानेही माणसाला बरे वाटते. ते बरे वाटणे वजा करून औषधाचा गुण मोजायचा असतो. अमेरिकेतील पोटाच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२१ साली हे तेल वापरून पाहावे असा सल्ला दिला. पण कोणत्या दुखण्यावर? इथेच पुष्कळ लोकांची गल्लत होते.

दोन दुखणी आहेत आणि दोघांचीही सुरुवात पोटातल्या कळेने होते.

पहिल्या दुखण्यात आतडे चिडते. कळ येते, कधी जुलाब, कधी मलावरोध. त्रास खरा असतो, पण दुर्बिणीने आत पाहिले तर आतडे धडधाकट दिसते. पुदिन्याच्या तेलाचा सल्ला आहे तो या चिडलेल्या आतड्यासाठी.

दुसऱ्या दुखण्यात आतड्याला खरोखर सूज येते आणि व्रण पडतात. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक मोठ्या आतड्यात होतो, त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुसऱ्याचे नाव क्रोन्स. न्यूयॉर्कच्या क्रोन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन लिहिले, त्यावरून ते नाव पडले. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी शिपाईगिरी असते. या रोगात ते शिपाई आपल्याच आतड्यावर उलटतात. शौचावाटे रक्त आणि आव पडते, रात्री झोपेतून उठून परसाकडे धावावे लागते, ताप येतो, वजन उतरते, अंगातले रक्त कमी होते. पुष्कळदा हा रोग ऐन तारुण्यात सुरू होतो. काही महिने बरे जातात, मग पुन्हा उसळी घेतो. मोठ्या आतड्यात तो आठ-दहा वर्षे राहिला तर तिथे कर्करोगाची भीती वाढते.

मग सुगंधी तेलाने हे व्रण भरतील का? शास्त्रज्ञांनी हे पाहायला घेतले आहे. काचेच्या बशीत पेशी वाढवतात आणि त्यांवर थायमॉल टाकून बघतात. सूज पेटवणारे निरोप पेशी एकमेकींना पाठवतात, ते कमी होतात असे दिसले. उंदरांवरही प्रयोग झाले. पिण्याच्या पाण्यात एक रसायन घालून उंदराच्या आतड्याला सूज आणतात आणि मग त्याला अर्क देतात. सूज कमी झालेली दिसली. ही आशेची गोष्ट आहे, ती उडवून लावू नये. पण उंदराचे ते रसायन थांबवले की त्याचे आतडे बहुधा आपोआप भरून येऊ लागते. माणसाचा रोग वर्षानुवर्षे राहतो. शिवाय तोंडाने घेतलेले तेल वरच्या आतड्यातच शोषले जाते, खालच्या व्रणापर्यंत ते फारसे पोचतच नाही. माणसांवर पुरेशा मोठ्या, खोटी गोळी देऊन केलेल्या तपासण्यांनी या तेलांचा गुण अजून सिद्ध झालेला नाही. एका मुलाचे उत्तर बरोबर आले म्हणून सारा वर्ग पास करता येत नाही!

औषध योग्य जागी पोचवणे किती महत्त्वाचे, याची एक जुनी गोष्ट आहे. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. नाव आपल्याकडच्या नानांसारखे, पण बाई होत्या. १९४० च्या आसपास त्यांनी सांधेदुखीसाठी दोन औषधे जोडून एक औषध तयार करवले. त्यातला एक भाग सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातला. या कुळाचा माग शास्त्रज्ञांना झाडाच्या सालीवरूनच लागला होता. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या जातीचे झाड ते. ही जोडगोळी मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू ती जोड तोडतात. औषध नेमके व्रणाजवळ सुटते. सल्फासालाझिन हे त्याचे नाव. ते आजही वापरात आहे आणि त्याच घराण्यातले मेसॅलमिनही वापरतात. तेव्हा झाडपाला आणि डॉक्टरी औषध यांच्यात वैर आहे असे समजू नका. सालीतला गुण मोजून, माप ठरवून जे हाती आले तेच पुढे औषध झाले.

आता एक धोका सांगतो. समजा, घरातल्या सुनेला महिनाभर रक्ताचे जुलाब होत आहेत. कोणी म्हणते उष्णता झाली, कोणी म्हणते मूळव्याध. बाजारातून ओव्याच्या तेलाची बाटली येते. थेंब-थेंब घेतल्याने कळ थोडी कमी होते आणि घर निर्धास्त होते. आत व्रण मात्र वाढतच असतो. कळ कमी होणे म्हणजे व्रण भरणे नव्हे. दुसरे असे की, आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून आढळतो आणि तो हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. तपास न करता सूज उतरवणारी कडक औषधे दिली तर क्षय भडकतो. रक्ती आवेतही अशीच लक्षणे असतात. हे नुसत्या नाडीवरून किंवा ऐकीव सल्ल्यावरून ओळखू येत नाही.

जेवणातला ओवा, पुदिन्याची चटणी, गवती चहाचा काढा यांना कोणी हरकत घेत नाही. ज्याचा त्याला सोसला म्हणजे झाले. पण तेलाची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. निलगिरीचे तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी त्याला आकडी येऊ शकते. आणि ज्याला व्रणाचा रोग ठरला आहे त्याने, बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बंद केल्या की रोग बहुधा परततो.

शौचावाटे रक्त पडत असेल, रात्री उठावे लागत असेल, वजन उतरत असेल, तर सरकारी दवाखाना गाठा. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, रक्त किती, घरात कोणाला क्षय होता का, हे कागदावर लिहून न्या. आता आपल्याला लिहिता येते. घरी कोणते तेल, चूर्ण किंवा काढा घेतला तेही न लाजता लिहा. डॉक्टर आधी शौच आणि रक्त तपासतील. गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात पाठवतील. तिथे दुर्बिणीने आतडे पाहून तिळाएवढा तुकडा तपासणीला काढतात. क्षय निघालाच तर त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.