साधा छेदनबिंदू : भूमितीचा एक धडा

आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरीही या स्मरणिकेसाठी भूमितीचा धडा निवडला आहे. इतिहासानेच आम्हाला त्याच्यापर्यंत नेले.

वाचकांनी कागदावर एक त्रिकोण काढावा. त्याच्या तिन्ही बाजू दोन्हीकडे वाढवाव्यात आणि तिन्ही मध्यगाही तशाच वाढवून काढाव्यात. एकूण सहा रेषा झाल्या. प्रत्येक रेषा उरलेल्या पाच रेषांना छेदते; म्हणून जोड्या (६ × ५) ÷ २ = १५. परंतु आकृतीत छेदनबिंदू भरतात सातच. हे कसे?

प्रत्येक शिरोबिंदूतून दोन बाजू व एक मध्यगा अशा तीन रेषा जातात. मध्यगासंपातातूनही तीन जातात. तीन रेषांच्या बिंदूत तीन जोड्या सामावतात. असे चार बिंदू, म्हणजे १२ जोड्या. उरलेल्या तीन जोड्या बाजूंच्या मध्यबिंदूंवर भेटतात. तेथे केवळ दोनच रेषा असतात. अशा बिंदूस साधा छेदनबिंदू म्हणावे. १२ + ३ = १५; हिशेब जुळला.

आता खरा प्रश्न. कोणत्याही दोन रेषा समांतर नाहीत आणि सर्व रेषा एकाच बिंदूतून जात नाहीत; तर एकही साधा बिंदू नसलेली रचना शक्य आहे काय? बिंदू आणि रेषा यांची अदलाबदल केली, की हाच प्रश्न जेम्स जोसेफ सिल्वेस्टर यांनी १८९३ साली विचारलेला आढळतो. सिद्धता प्रसिद्ध होण्यास १९४१ साल उजाडले. अशी रचना अशक्य आहे. पुढे १९५८ मध्ये केली आणि मोझर यांनी दाखविले, की साधे बिंदू रेषांच्या संख्येच्या तीन-सप्तमांशाहून कमी नसतात. सहा रेषांसाठी ही संख्या १८/७, म्हणजे दोनाहून अधिक. म्हणून किमान तीन. आपल्या आकृतीत नेमके तीनच आहेत.

सिल्वेस्टर ज्यू होते. १८३७ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते दुसरे आले. परंतु इंग्लंडच्या चर्चची धर्मसूत्रे मान्य करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून पदवी मिळाली नाही. कायदा बदलल्यानंतर, १८७२ मध्ये, ती मिळाली. पस्तीस वर्षांची ही प्रतीक्षा आपल्या समाजाला समजावून सांगावी लागत नाही. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते.

पालकांनी मुलांसह सात रेषा काढून पाहाव्यात. वरील दोन अटी पाळूनही साधे बिंदू तीनाहून कमी भरले, तर पुन्हा मोजावे. सिद्ध झालेली गोष्ट कोणाच्याही हातून तपासली तरी तशीच उतरते.